हाकाटी कोणाची? पहारेकऱ्याची की चोराची?

घरातल्या संगणकावर रोज उठून धोक्याचा इशारा झळकावा, घरातल्या माणसांनी तो रोज पुसून टाकावा आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दारात उभे राहावे, हा प्रकार आज आपल्या गावोगावच्या घरांत इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही विपरीत आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. पुन्हा पुन्हा येणारा इशारा हा सोसत बसण्याचा प्रकार नसून एकदाचा निकालात काढण्याचा प्रकार आहे. आणि तो निकालात काढण्यासाठी पदवी लागत नाही, धाडस लागत नाही, लागते ती फक्त एक साधी चौकशी. हा इशारा देतो कोण, हे आधी विचारावे. तो कशासाठी देतो, हे मग पाहावे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय त्या पडद्यावरच्या एकाही बटणाला हात लावू नये. आजच्या लेखात आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच. परंतु ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या साध्या चौकशीअभावी लोक आयुष्याची पुंजी घालवून बसत आहेत.

बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार यांसारख्या गावांतल्या मध्यम स्थितीच्या घरांत संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनचे काम त्याच्यावर, मुलाचा परीक्षेचा अर्ज त्याच्यावर, दुकानदाराचा जीएसटीचा हिशेब त्याच्यावर आणि परगावी नोकरीला गेलेल्या लेकीची खुशालीही त्याच्याचवर. घराची तिजोरी, घरचे दप्तर आणि घरचे टपाल ही तिन्ही एका पेटीत येऊन बसली आहेत. अशा पेटीवरचा पहारेकरी जेव्हा रोज हाक मारतो, तेव्हा घरातली माणसे दोन तऱ्हांनी वागतात. काही घाबरतात आणि पडदा सांगेल ते करतात. काही वैतागतात आणि न वाचताच कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवतात. पहिल्यांना चोर लुटतो. दुसऱ्यांना चोर आला आहे हे कळतच नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली तेव्हा दोष त्या खोडकर पोराला दिला. पण त्या गोष्टीतले गावकरीही अगदीच निर्दोष नव्हते. ओरडणारा खरा की खोटा, याची खूण त्यांनी कधी ठरवूनच घेतली नव्हती.

तोतयाची परीक्षा

मराठी माणसाला तोतया ही गोष्ट नवी नाही. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक इसम उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर त्याने कोकणातले किल्ल्यांमागून किल्ले घेतले. कारण लोक त्याच्या नावाला भुलले, चौकशी करायला थांबले नाहीत. १७७६ साली त्याचा शेवट झाला, पण तोवर त्याने कारभाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळवले होते. तोतयाचे सारे बळ दुसऱ्याच्या नावात असते. संगणकाच्या पडद्यावरचा तोतया नेमके तेच करतो. तो स्वतःच्या नावाने कधीच येत नाही. तो विंडोजचा वेष घेतो, नामांकित अँटिव्हायरसचे बोधचिन्ह लावतो, ढालीचे चित्र काढतो आणि ओरडतो: ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले आहेत!’

हा तोतया घरात शिरतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. फुकट चित्रपट, फुकट पुस्तक किंवा फुकट गाणी देणाऱ्या एखाद्या पानावर आपण जातो. पान म्हणते, ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ हे बटण दाबा.’ आपण दाबतो. त्या क्षणी आपण काहीही सिद्ध केलेले नसते. त्या पानाला आपल्या पडद्यावर हवी तेव्हा चिठ्ठी टाकण्याची सनद मात्र लिहून दिलेली असते. मग दुसऱ्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यात खालच्या अंगाला चिठ्ठ्या पडू लागतात: संरक्षण संपले, विषाणू सापडला, आजच नूतनीकरण करा. संगणकात विषाणू असतोच असे नाही. पण घरातला माणूस अँटिव्हायरसने संगणक तपासतो, त्याला काही सापडत नाही, आणि इशारे मात्र थांबत नाहीत. त्यामुळे तो अधिकच हवालदिल होतो.

यावरचा उपाय फार सोपा आहे. दिलेली सनद परत घ्यावी. क्रोम ब्राऊझरच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ अशी जागा आहे. तिथे परवानगी मिळालेल्या पानांची यादी दिसते. ज्या नावाशी आपला काही संबंध नाही ते नाव त्या यादीतून काढून टाकावे. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राऊझरमध्येही अशीच यादी थोड्याफार फरकाने सापडते. त्यानंतर ब्राऊझरच्या एक्स्टेंशनांची यादी उघडावी आणि आपण स्वतः जाणूनबुजून घेतलेले नाही ते प्रत्येक काढून टाकावे. खुद्द इशाऱ्यावर आहे तो विंडोजचा की ब्राऊझरचा, हे ओळखायची खूणही तिथेच असते: ब्राऊझरमार्फत आलेल्या चिठ्ठीवर बहुधा बारीक अक्षरांत ब्राऊझरचे किंवा त्या पानाचे नाव छापलेले असते. मोठ्या अक्षरांतली धमकी सगळे वाचतात. बारीक अक्षरांतला पत्ता कोणी वाचत नाही. तोतयाचे फावते ते तिथे.

याच तोतयाचे दुसरे रूप अधिक क्रूर आहे. अकस्मात सारा पडदा लाल किंवा निळा होतो, कर्कश आवाज सुरू होतो, संगणक बंद केल्यास सारे गमवाल अशी धमकी येते आणि खाली ठळक आकड्यांत दूरध्वनी क्रमांक असतो. या ठिकाणी आमच्या वाचकांनी एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. हे त्या कंपनीने स्वतःच जाहीर केलेले आहे. इशाऱ्यात फोन नंबर दिसला की तो इशारा खोटा, मग त्यावर कोणाचेही बोधचिन्ह असो. पडदा अडवून धरला असेल तर एस्केपची कळ दाबून धरावी. तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ब्राऊझर तिथून बंद करावा. तेही जमले नाही तर संगणक सरळ बंद करावा. काहीही गमावत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राऊझरने ‘मागची पाने पुन्हा उघडू का’ असे विचारले, तर नाही म्हणावे.

त्या क्रमांकावर फोन करणाऱ्यांचे काय होते? पलीकडचा मनुष्य अत्यंत गोड बोलतो. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखा, दुरून संगणक चालवण्याचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगतो. हे प्रोग्रॅम स्वतः वाईट नाहीत, कचेऱ्यांत ते रोज वापरले जातात. पण अनोळखी माणसाला त्यांतून आत घेणे म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या माणसाच्या हातात देणे होय. मग विंडोजच्या रोजच्या नोंदवहीतल्या निरुपद्रवी लाल खुणा दाखवून तो म्हणतो, ‘पाहा, किती दोष आहेत!’ आणि दुरुस्तीचे पैसे मागता मागता बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो.

खेदाची गोष्ट अशी की या धंद्याची एक मोठी पेठ आपल्याच देशात भरली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये अशा टोळ्यांविरुद्ध सहा प्रकरणे जाहीर केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचा तळ भारतात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र–२’ या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुबाडणाऱ्या कॉल सेंटरांची प्रकरणेही होती, आणि ती मायक्रोसॉफ्ट व अॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झाली होती. परक्या देशातली म्हातारी माणसे लुटली जातात म्हणून आपल्याला त्याचे सोयरसुतक नाही, असे म्हणण्याचा करंटेपणा कोणी करू नये. जो हात परक्याच्या खिशात जायला शिकला, तो शेजाऱ्याच्या खिशापाशी थांबत नाही.

कोणी असा मनुष्य संगणकात घेऊन बसलाच असेल, तर लाजेपायी एक मिनिटही दवडू नये. आधी इंटरनेट तोडावे. दुसऱ्या यंत्रावरून बँकेचे व ईमेलचे पासवर्ड बदलावेत. बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा अधिक. घरातल्या तरुणांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की फसलेल्या वडिलांना किंवा आजीला त्या वेळी बोल लावू नका. बोल लागेल या धास्तीने माणूस गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे चोराला हवेच असते.

खऱ्या पहारेकऱ्याचे म्हणणे

इथवर तोतयाची कथा झाली. पण सगळेच इशारे खोटे म्हणून झिडकारले, तर तो दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. खरा पहारेकरीही ओरडतो, आणि तो पुन्हा पुन्हा ओरडतो तेव्हा काही कारण जागच्या जागी राहून गेलेले असते. ते कारण पुष्कळदा इतके क्षुल्लक निघते, की हसू यावे.

उदाहरण घ्या. एखाद्या घरातला जुना संगणक रोज सकाळी सुरू केला की बँकेचे पान उघडत नाही, ईमेल उघडत नाही. प्रत्येक ठिकाणी ‘तुमचे कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी लागते. घरचे लोक समजतात, कोणी तरी पाळतीवर आहे. खरे दुखणे असते घड्याळात. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्यापाशी एक प्रमाणपत्र बाळगते आणि त्या प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणक ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. संगणक बंद असताना ते घड्याळ चालू ठेवण्याचे काम मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी करते. बहुतेक टेबलावरच्या संगणकांत ती सीआर २०३२ या नावाची असते. ही बॅटरी काही वर्षांनी संपते. मग संगणक रोज सकाळी भलत्याच जुन्या सालात जागा होतो, आणि त्या सालाच्या हिशेबाने आजचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. पहारेकरी प्रामाणिकपणे ओरडतो. फक्त त्याचे पंचांग जुने झालेले असते. तारीख हाताने दुरुस्त केली की तो दिवस निभावतो, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. अल्प किमतीची बॅटरी बदलली आणि तारीख–वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सोय चालू केली, की महिनोन्महिन्यांचा हा ससेमिरा सुटतो.

यावरून एक व्यवहार्य कसोटी हाती येते. इशारा सगळ्याच संकेतस्थळांवर येत असेल तर दोष बहुधा आपल्या यंत्रात, घड्याळात, अँटिव्हायरसमध्ये किंवा इंटरनेटच्या जोडणीत शोधावा. एकाच संकेतस्थळावर येत असेल तर दोष बहुधा त्यांच्याकडचा समजावा आणि तिथून मुकाट्याने मागे फिरावे. इशारा बँकेच्या पानावर असेल तर ‘तरीही पुढे जा’ हा मार्ग कदापि स्वीकारू नये. बँकेचे काम उद्या होईल, गेलेले पैसे उद्या परत येतीलच असे नाही. यंत्र फारच जुने असेल तर आणखी एक कारण संभवते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी जगभर वापरात असलेल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ज्या जुन्या यंत्रांना नवे मूळ प्रमाणपत्र ठाऊकच नव्हते, ती एका रात्रीत चांगल्या चांगल्या संकेतस्थळांना संशयित ठरवू लागली. तिथे चोर कोणीच नव्हता. पहारेकऱ्याकडची ओळखपत्रांची वही तेवढी नवी करायची राहिली होती.

दुसरे कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही, आणि ते स्पष्ट बोलल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. आपल्याकडे कित्येक संगणक दुकानात जोडून घेतलेले किंवा दुसऱ्याकडून विकत घेतलेले असतात. त्यांत विंडोजची प्रत चोरीची असते, आणि ती अस्सल असल्याचे भासवण्यासाठी एक चोरकिल्ली बसवलेली असते. मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर ती ओळखतो आणि ‘हॅकटूल’ म्हणून वर्दी देतो. ‘ऑटोकेएमएस’ हे नाव या वर्दीत अनेकांनी पाहिले असेल. डिफेंडर ती काढून टाकतो, पण तिने संगणकाच्या वेळापत्रकात आपली नेमणूक करून ठेवलेली असते. ठरल्या वेळी ती परत येते आणि इशाराही परत येतो. तक्रार घेऊन दुकानात जावे, तर पुष्कळ ठिकाणी काय उपाय होतो? डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत त्या चोरकिल्लीचे नाव, किंवा कधी कधी सबंध ‘सी’ ड्राइव्हच, घालून दिला जातो. इशारा थांबतो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. पण पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून मिळवलेली ही शांतता आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढे खरोखरच विषारी वस्तू त्या ड्राइव्हवर उतरली, तर आता ओरडायला कोणी उरलेले नसते.

म्हणून ज्यांच्या संगणकावर अशी वर्दी वारंवार येते, त्यांनी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ ही नोंदवही वाचावी. नाव काय आहे, फाइल कुठे आहे, तारीख कोणती आहे, या तीन गोष्टी टिपून घ्याव्यात. फाइल डाउनलोडच्या कप्प्यातल्या एखाद्या जुन्या झिपमध्ये असेल, तर ती झिपच पुसून टाकावी. तीच वस्तू पुन्हा पुन्हा जन्म घेत असेल, तर ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. तो संगणक नव्याने सुरू करून, विंडोज पूर्ण जागे होण्यापूर्वीच झडती घेतो, त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला वाव राहत नाही. यास साधारण पाव तास लागतो. त्यानंतर ‘एक्सक्लूजन्स’ ही अपवादांची यादी तपासावी आणि आपण न घातलेले प्रत्येक नाव काढावे. आणि शेवटी, शक्य तितक्या लवकर, चोरीची प्रत सोडून अस्सल प्रत घ्यावी. ते परवडत नसेल तर लिनक्सची मोफत आणि कायदेशीर प्रणाली हाताशी आहे. चोरीच्या कडीकोयंड्याने घराचे रक्षण होईल, ही अपेक्षाच मुळात खुळी आहे.

तिसरा वर्ग निव्वळ कटकटीचा. नवा संगणक घेताना त्याबरोबर एखाद्या अँटिव्हायरसची मुदतीची प्रत आलेली असते. मुदत संपली की ती रोज नूतनीकरणासाठी हात पसरते. हे याचक खरे असतात, पण त्यांना दक्षिणा दिलीच पाहिजे असे नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये स्वतःचा अँटिव्हायरस अंगभूत आहे. मुदत संपलेला पाहुणा रीतसर काढून टाकला की डिफेंडर पहाऱ्यावर रुजू होतो. तसेच ढालीवर दिसणारा पिवळा त्रिकोण. तो प्रत्येक वेळी संकटच सांगतो असे नाही; कधी तो केवळ मायक्रोसॉफ्टचे खाते जोडा किंवा वनड्राइव्ह चालू करा एवढीच शिफारस करीत असतो. ती नको असेल तर तिथल्याच ‘डिसमिस’ या शब्दाने तिला रजा देता येते.

परंतु ‘तुमच्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत’ हा इशारा विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये दिसला, तर तो या वर्गात ढकलू नये. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी; विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. असा इशारा कोणत्याही बटणाने कायमचा जाणार नाही, आणि जाऊही नये. भिंतीला पडलेले नवे भगदाड बुजवायला आता गवंडी येणार नाही, असे तो सांगत असतो.

‘फॉरमॅट मारा’ हा उपाय नव्हे

या साऱ्यावर आपल्याकडे एक रामबाण सांगितला जातो: ‘फॉरमॅट मारा!’ घरातली छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब जिवावर उदार होऊन पुसायचे आणि संगणक कोरा करायचा. क्वचित प्रसंगी हे करावे लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण कारण न शोधता केलेल्या फॉरमॅटचे फळ काय? बॅटरी संपलेली असेल तर ती फॉरमॅटने भरत नाही. त्याच पेनड्राइव्हवरून तीच चोरीची प्रत पुन्हा बसवली तर आठवड्यात तीच वर्दी पुन्हा येते. ब्राऊझरला जुने खाते जोडले की जुनी एक्स्टेंशने आपसूक परत उतरतात. म्हणजे पैसे गेले, छायाचित्रे गेली आणि इशारा मात्र जिथल्या तिथे! रोग न पाहता रोग्याला रोज जुलाब देणाऱ्या वैद्याला आपण वैद्य म्हणत नाही. मग अशा कारागिराला कारागीर का म्हणावे? प्रामाणिक कारागीर आपल्याही गावांत आहेत. त्यांची ओळख एवढीच, की ते हात घालण्यापूर्वी विचारतात: इशारा केव्हा येतो, कुठे येतो, शब्द काय असतात?

दोष एकट्या घरमालकाचा नाही

येथे कोणी म्हणेल, की लोक अडाणी आहेत, वाचत नाहीत, म्हणून फसतात. हा आरोप आम्ही मान्य करीत नाही. २०१३ साली देवदत्त आखवे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट या दोन संशोधकांनी क्रोम व फायरफॉक्स या ब्राऊझरांतल्या अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा हिशेब मांडला. प्रमाणपत्राचा इशारा आला असता क्रोम वापरणाऱ्यांनी सुमारे ७० टक्के वेळा तो ओलांडून पुढे पाऊल टाकले. फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी सुमारे ३३ टक्के वेळा. माणसे त्याच जगातली, धोकाही त्याच जातीचा. मग फरक एवढा का? त्या संशोधकांचा निष्कर्ष असा, की लोक इशाऱ्याकडे लक्ष देतच नाहीत हा समज खरा नाही. इशारा कसा मांडला आहे यावर लोकांचे वागणे पुष्कळ अंशी अवलंबून असते. तेव्हा लोकांच्या माथी दोष मारण्यापूर्वी इशारे लिहिणाऱ्यांनी आपली लेखणी तपासावी.

आणि लेखणीबरोबर नीतीही तपासावी. अमेरिकेत ऑफिस डेपो या बड्या दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या संगणकांची ‘तपासणी’ चालवली होती. आरंभी चार प्रश्न विचारीत: संगणक मंद चालतो का, विषाणूचे इशारे येतात का, वारंवार बंद पडतो का, जाहिराती उसळतात का? यांपैकी एकालाही होकार आला की ते यंत्र विषाणूची लक्षणे सापडल्याचे सांगे. प्रत्यक्ष तपासणीचा त्या निकालाशी काही संबंध नव्हता, असा फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. मार्च २०१९ मध्ये त्या दुकानाने व ते साधन पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. लेनोव्हो कंपनीने २०१४ साली आपल्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्रॅम घालून विकला. त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवून सुरक्षित पानांच्या मध्ये तोंड घातले आणि ज्या इशाऱ्यांनी माणूस सावध व्हावा त्यांचाच आवाज बंद केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघडकीस आले. कुंपणानेच शेत खाल्ल्याची याहून ठळक उदाहरणे कोणती द्यावीत? भीती विकणारा भामटा आणि भीती विकणारा प्रतिष्ठित व्यापारी यांत आम्ही फरक करतो तो एवढाच, की दुसऱ्याला पावती देण्याची सवय असते.

भाषेचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. आयुष्यभर मराठीत हिशेब लिहिणाऱ्या, मराठीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला संकटाची सूचना इंग्रजीत द्यायची, आणि त्याने ती समजून घेतली नाही म्हणून त्यालाच नावे ठेवायची, हा कुठला न्याय? समाधानाची गोष्ट ही, की विंडोज आणि क्रोम या दोहोंतही मराठी भाषा निवडता येते. घरातल्या मुलांनी वडीलधाऱ्यांसाठी एवढी एक गोष्ट आजच करावी. मराठी पाटीमुळे सगळे धोके टळतील असे नाही. पण रोज मराठीत बोलणारा पहारेकरी एके दिवशी अचानक मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडू लागला, तर निदान शंका तरी येईल.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. संगणक विकणाऱ्याने आत काय बसवले आहे, प्रत अस्सल आहे की नाही आणि पहाऱ्याला कोणते अपवाद शिकवले आहेत, हे पावतीवर लिहून द्यावे. आणि गिऱ्हाइकाने ते मागून घ्यावे. अँटिव्हायरस विकणाऱ्या कंपन्यांनी जाहिरात आणि इशारा यांचे रंग वेगळे ठेवावेत. प्रत्येक इशाऱ्याने चार गोष्टी साध्या भाषेत सांगाव्यात: मी कोण, मला काय दिसले, ते कुठे आहे आणि आता काय करावे. आमच्या ग्रंथालयांनी आणि तरुण मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ काढून वडीलधाऱ्यांना त्यांच्याच संगणकावर या चार गोष्टी ओळखायला शिकवाव्यात. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ सालापासून संगणक साफ करण्याची साधने मोफत ठेवली आहेत. त्यांची माहितीही तिथेच द्यावी.

आणि तोवर घरोघरी एक शिस्त पाळली जावी. संगणकाशेजारी एक वही ठेवा. इशारा आला की बटण दाबण्यापूर्वी त्याची तारीख, त्याचे शब्द आणि तो कुठल्या पानावर किंवा प्रोग्रॅममध्ये आला ते लिहा. तीन दिवसांच्या तीन नोंदी समोर असल्या, की इशारा पहारेकऱ्याचा की तोतयाचा, घड्याळाचा की चोरकिल्लीचा, हे बहुतेक वेळा तुमचे तुम्हांलाच उमगेल. न उमगले तर ज्याला विचाराल त्याला तरी उमगेल. ज्या घरात ही वही असेल त्या घरात पडद्यावरची कोणतीही हाकाटी माणसाला दहा मिनिटांत फोनपाशी धावायला लावू शकणार नाही. तोतयाचा सारा व्यापार त्या दहा मिनिटांवर चालतो. ती दहा मिनिटे आपण त्याला देता कामा नये.